संगणकच बिघडला तर लढाऊ विमान कोण सांभाळतं?

2025 चे ऑक्टोबर-नोव्हेंबर विमानांच्या बातम्यांनी गाजले. 17 ऑक्टोबरला नाशिकजवळच्या ओझरहून, तिथंच बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए हे देशी लढाऊ विमान उडालं. 21 नोव्हेंबरला दुबईच्या एअर शोमध्ये तेजस कोसळलं, पायलट गेला. त्यानंतर आठवड्याभरात एअरबसनं ए320 जातीच्या सुमारे 6000 प्रवासी विमानांचं एक सॉफ्टवेअर तातडीनं बदलायला सांगितलं. महिनाभर आधी असं एक विमान मेक्सिकोहून अमेरिकेला जाताना, पायलटनं काही न करता, अचानक नाक खाली घालून झुकलं होतं आणि प्रवासी जखमी झाले होते. सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गानं उड्डाण-नियंत्रण संगणकातली माहिती बिघडू शकते, असं कंपनीचं म्हणणं.

या तीन बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण आमच्या सेलूकडं पारावर त्यांची मिळून एकच बातमी झाली: विमानं कम्प्युटरवर चालतात, कवा बिघडतील नेम न्हाई. दुबईच्या अपघाताची कारणं चौकशीवाले सांगतील, त्यात आपण पडायला नको. आमच्या आण्णांनी विचारलेला प्रश्न मात्र अगदी मुद्द्याचा होता. "पायलटच्या त्या दांड्याला दोरच न्हाई म्हणतूस. मंग ते डबडं बंद पडल्यावर मानसानं करायचं काय?"

याचं उत्तर इंजिनिअरांनी पन्नास वर्षं शोधलंय, आणि त्यातलं बरंचसं अपघात सोसून.

## दांड्यापासून पंखापर्यंत

विमान वळतं, चढतं, उतरतं ते पंखांच्या मागच्या कडेला आणि शेपटीवर बसवलेल्या हलत्या पात्यांमुळं. पात्याचा कोन बदलला की त्यावरून वाहणारी हवा विमानाला ढकलते. जुन्या विमानांत पायलटच्या हातातला दांडा आणि ही पाती यांच्यामध्ये पोलादी दोर आणि कप्प्या असायच्या. पुढं वेग वाढला, हवेचा रेटा मनगटाला आवरेना, म्हणून मध्ये हायड्रॉलिक आलं. दाबाखालचं तेल जोर लावणार, पायलट फक्त झडप उघडणार. तरी दोर होताच.

फ्लाय-बाय-वायर म्हणजे तो दोर काढून टाकणं. दांडा हलला की सेन्सर ती हालचाल विजेच्या संकेतात बदलतो. संकेत संगणकाकडं जातो. संगणक विमानाचा वेग, कल, फिरण्याची गती बघतो आणि कुठलं पातं किती हलवायचं ते ठरवून पात्यापाशी असलेल्या हायड्रॉलिक यंत्राला हुकूम सोडतो. पायलट फक्त इच्छा सांगतो. ती कशी पुरी करायची हे संगणकाचं काम.

## मुद्दाम डळमळीत ठेवलेलं विमान

इथं बहुतेकांचा पहिला आक्षेप असतो: मग दोरच ठेवायचा ना, एवढी उठाठेव कशाला?

साधं विमान झोतानं हललं तर आपोआप सरळ व्हायला बघतं. प्रवाशांसाठी हा गुण चांगला. लढाऊ विमानाला तोच नडतो, कारण जे विमान सरळ राहायला बघतं ते वळायलाही विरोध करतं. म्हणून अमेरिकेच्या एफ-16 पासून (पहिलं उड्डाण 1974) विमानाचा तोल मुद्दाम असा ठेवायला सुरुवात झाली की ते स्वतःहून स्थिर राहणार नाही. जरा नाक वर झालं की आणखी वर जाऊ बघेल. असं विमान चपळ असतं, पण त्याला क्षणोक्षणी सावरावं लागतं, आणि ते काम संगणकाचं.

किती क्षणोक्षणी? पुढच्या दिशेला वळवलेल्या पंखांचं एक्स-29 हे अमेरिकी प्रायोगिक विमान 1984 मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याचा संगणक सेकंदाला 40 वेळा पात्यांची दुरुस्ती करू शकायचा. पायलट कितीही तयारीचा असला तरी माणसाच्या नसा तेवढ्या वेगानं चालत नाहीत. अशा विमानात दोर ठेवला तरी तो ओढायला वेळेवर कुणी पोचणार नाही.

## विहीर, बोअर आणि मोट

आण्णांना हे त्यांच्याच रानातल्या पाण्यावरून सांगितलं. जुनी विहीर होती तेव्हा मोटर जळाली तर निदान मोट जोडता यायची. बैल दमायचे, पाणी कमी यायचं, पण पीक तगायचं. आता पाचशे फुटांचा बोअर आहे. साडेसहा इंचाच्या भोकात मोट सोडणार कशी? तिथं पाणी काढायचं तर मोटरच हवी, आणि तिला पर्याय हवा असेल तर तोही मोटरच्याच जातीचा.

स्थिर विमान म्हणजे ती विहीर. अमेरिकेचं ए-10 हे संथ, दणकट विमान त्यातलंच. 7 एप्रिल 2003 ला बगदादवर किम कॅम्बेल या महिला पायलटच्या ए-10 ला जमिनीवरून मार बसला आणि हायड्रॉलिक सगळं गेलं. तिनं कळ फिरवून दोरांचा मार्ग सुरू केला आणि तासभर केवळ हाताच्या जोरावर विमान तळावर नेऊन उतरवलं. मोट कामाला आली.

मधल्या काळातली विमानं थोडी विहीर, थोडी बोअर अशी होती. रशियाच्या मूळ सुखोई-27 मध्ये नाक वर-खाली करण्याचं काम विजेच्या तारेवर आणि बाकीचं जुन्या यांत्रिक जोडणीवर होतं. अमेरिकेच्या एफ-18 हॉर्नेटमध्ये चार डिजिटल चॅनल (चॅनल म्हणजे सेन्सर, संगणक आणि तारा यांची एक स्वतंत्र साखळी), आणि तरीही शेपटीच्या पात्यांना यांत्रिक जोडणी ठेवलेली. पुढच्या सुपर हॉर्नेटमध्ये ती काढून टाकली. जादा वजन, जादा देखभाल, आणि वापर जवळजवळ नाही. एफ-16, युरोफायटर, राफेल आणि आपलं तेजस यांत मोट नाहीच. ही सगळी बोअरची विमानं.

## चारच संगणक का?

यांत्रिक पर्याय नाही म्हटल्यावर पहिला उपाय सुचतो तो म्हणजे संगणक वाढवणं. तेजसमध्ये चार समांतर चॅनल आहेत. प्रत्येकाचे सेन्सर, गणित आणि वीज शक्यतो वेगळी. चौघं एकच हिशेब एकाच वेळी करतात आणि उत्तरं पडताळतात.

दोनच असते तर? दोघांचं पटलं नाही तर खरं कोण, हे ठरवता येत नाही. तिघं असले की दोघं मिळून एकाला वेडा ठरवतात आणि बाजूला काढतात, पण मग उरतात पुन्हा दोघं. चौघं असले की एक गेल्यावर तिघं उरतात, आणि दुसरा बिघडला तरी तो कोण ते कळतं. एकामागून एक दोन बिघाड पचवायचे म्हणून चार.

मतदान म्हणताना हात वर करून मोजणी होत नाही. बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे ती मधला आकडा उचलण्याची. समजा तीन सेन्सरांनी वेग सांगितला 412, 414 आणि 655. सरासरी काढली तर 494 येईल, म्हणजे एका खोट्यानं दोन खऱ्यांनाही बिघडवलं. मधला आकडा घेतला तर 414. खोटा कितीही मोठ्यानं ओरडला तरी हिशेबात येत नाही. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते, कारण कोण खोटं बोलतंय हे न शोधताही ती चालते.

## आणि लाइटच गेली तर?

मराठवाड्यात हा प्रश्न आपसूक येतो. एफ-16 ला एकच इंजिन. ते बंद पडलं की त्यावर फिरणारं जनित्र आणि हायड्रॉलिक पंप दोन्ही मंदावणार. म्हणून त्यात एक आपत्कालीन यंत्र असतं. ते हायड्राझिन नावाच्या रसायनावर चालतं, हवा किंवा आग न लागता लगेच सुरू होतं आणि वीज व दाब दोन्ही देतं. हायड्राझिन अत्यंत विषारी. ते यंत्र चालू होऊन उतरलेल्या विमानाजवळ जमिनीवरचे कर्मचारी संरक्षक पोशाखाशिवाय जात नाहीत. एवढं जोखमीचं रसायन विमानात वागवतात, यावरून विजेची किंमत कळावी. त्याशिवाय बॅटऱ्या असतातच.

## चौघंही एकच चूक करतात तेव्हा

आता खरा गुंता. आण्णांनी एकदा दोन मोटरी बसवल्या होत्या, एक बिघडली तर दुसरी म्हणून. दोन्ही एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. ऐन रब्बीत डीपी जळाली आणि दोन्ही मोटरी धडधाकट असून मुक्या झाल्या. बिघाड मोटरीत नव्हताच.

विमानात हेच घडलं. 23 फेब्रुवारी 2008, प्रशांत महासागरातलं गुआम बेट. अमेरिकेचं बी-2 बॉम्बफेकी विमान उड्डाणासाठी धावलं. किंमत सुमारे 1.4 अब्ज डॉलर, नियंत्रण व्यवस्था चौपदरी. हवेचा दाब मोजणारे 24 सेन्सर विमानाच्या अंगावर बसवलेले. गुआमची हवा दमट. उड्डाणाआधी सेन्सरांचं शून्य जुळवलं तेव्हा त्यातल्या तिघांत ओल शिरलेली होती, म्हणजे ओलसर अवस्थेतला चुकीचा आकडाच बरोबर म्हणून नोंदला गेला. नंतर सेन्सर तापवायची यंत्रणा चालू झाली, ओल उडून गेली, आणि आता प्रत्येक मोजमाप त्या खोट्या शून्यावरून होऊ लागलं.

संगणकांना विमानाचा वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसला, आणि नाक खाली झुकलंय असंही दिसलं. त्यांनी आपलं काम चोख केलं: खाली झुकलेलं नाक जोरात वर उचललं. विमान 30 अंशांनी वर उठलं, वेग मात्र पुरेसा नव्हता. ते एका बाजूला कलंडून धावपट्टीशेजारी पडलं. दोन्ही पायलट खुर्चीसकट बाहेर फेकले गेले आणि वाचले.

या अपघातात एकही संगणक बिघडला नव्हता. चौघांनी एकमतानं चुकीचा निर्णय घेतला, कारण त्यांना कळलेलं जगच चुकीचं होतं. आणि सगळ्यात चटका लावणारी गोष्ट अशी की शून्य जुळवण्याआधी सेन्सर तापवून घ्यायचे, ही युक्ती काही जणांना दोन वर्षं आधीपासून माहीत होती. ती नियमपुस्तकात चढलीच नाही. आपल्याकडं एखाद्या जुन्या वायरमनला "त्या खांबाचं असं असतं" हे ठाऊक असतं आणि तो रिटायर झाला की ते त्याच्याबरोबर जातं, त्यातला प्रकार.

20 डिसेंबर 2004 ला अमेरिकेतल्या नेवाडात एफ-22 या लढाऊ विमानाचं असंच झालं. विमानाच्या फिरण्याची गती मोजणारे तीन संच होते. जमिनीवर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना वीज पुरवठ्यात क्षणभर खंड पडला, आणि तिन्ही संच एकदमच कामातून गेले. पायलटला ते कळलं नाही. उडताच विमान आवरेना आणि कोसळलं. तीन संच, पण डीपी एकच.

म्हणून पर्यायी व्यवस्थेचं मोल तिच्या संख्येवर ठरत नाही. ती मूळ व्यवस्थेपेक्षा किती वेगळी आहे, यावर ठरतं. माझ्या मते या विषयावरच्या बहुतेक चर्चा इथंच घसरतात. चार आहेत की तीन, यावर भांडण. चौघांत सामाईक काय, हे कुणी विचारत नाही.

## वेगळ्या डोक्याचा राखीव

हे फार आधी ओळखलं गेलं होतं. 25 मे 1972 ला नासानं एफ-8 क्रुसेडर या विमानातली यांत्रिक जोडणी काढून ते डिजिटल संगणकावर उडवलं. संगणक कुठला? चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाचा. तो वापरा, असं सुचवणारा माणूस होता नील आर्मस्ट्राँग, तेव्हा नासाच्या कार्यालयात अधिकारी. पण त्या एका संगणकामागं तीन अॅनालॉग चॅनल राखीव ठेवली होती. अॅनालॉग म्हणजे ज्यात प्रोग्रॅमच नाही. विजेचा दाब कमी-जास्त होऊन सर्किटमध्येच हिशेब होतो. सॉफ्टवेअरमध्ये चूक असलीच तर ती तिकडं पोचण्याचा रस्ताच नाही.

एक्स-29 मध्येही तीन डिजिटल संगणक आणि त्यांच्यामागं अॅनालॉग. स्वीडनच्या ग्रिपेननं सुरुवातीला हाच मार्ग धरला. राफेलमध्ये तीन डिजिटल चॅनल आणि चौथं वेगळ्यानं आखलेलं अॅनालॉग. अशा राखीव व्यवस्थेकडून कसरतीची अपेक्षा नसते. वेगाच्या मर्यादेत राहून सरळ तळ गाठणं, एवढंच तिचं काम.

मग सगळ्यांनीच दोन वेगळे प्रोग्रॅम का लिहू नयेत? लिहितात, पण त्याचाही जाच असतो. अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये चार सारखे संगणक आणि पाचवा वेगळ्या गटानं लिहिलेल्या प्रोग्रॅमचा होता. 10 एप्रिल 1981 ला पहिल्या उड्डाणाच्या ऐन वेळी पाचव्याचं घड्याळ चौघांशी जुळेना. उड्डाण रद्द झालं, दोन दिवसांनी झालं. म्हणजे यान अडलं ते राखीव आणि मूळ यांच्या न पटण्यामुळं.

शिवाय वेगळ्या माणसांनी लिहिलं म्हणजे चुकाही वेगळ्या होतील, हे गृहीतही डळमळतं. 1986 मध्ये जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कामाचे 27 प्रोग्रॅम वेगवेगळ्या विद्यार्थ्यांकडून, एकमेकांशी न बोलता, लिहून घेतले आणि दहा लाख वेळा तपासले. सुटा सुटा प्रत्येक प्रोग्रॅम चांगला होता. पण एकाच ठिकाणी अनेक जण चुकण्याचं प्रमाण योगायोगानं व्हावं त्यापेक्षा बरंच जास्त निघालं. गणिताचा पेपर तपासणाऱ्या कुठल्याही सरांना विचारा, अवघड प्रश्नावर वर्गातली हुशार पोरंही एकाच जागी अडतात.

## राखीव व्यवस्था चुकून सुरू झाली तर?

हा आक्षेप कमी लोक घेतात, पण लढाऊ पायलटांना तोच जास्त सतावतो. मूळ व्यवस्था ठणठणीत असताना राखीवकडं उडी पडली, तर ऐन वळणात विमानाचा स्वभावच बदलतो. त्यामुळं उडी कधी घ्यायची हे ठरवणारा भाग स्वतःच भरवशाचा लागतो, आणि उडी घेताना पात्यांना झटका बसू नये म्हणून राखीव चॅनलला सतत मूळ चॅनलच्या मागं मागं हिशेब करत ठेवावं लागतं. कधी न लागणारी गोष्ट रोज चालू ठेवायची, तपासायची, तिचं वजन वाहायचं. काही देशांनी या कटकटीपेक्षा चार सारखी चॅनल आणि कसून चाचण्या हा रस्ता पत्करला, तो आळसानं नव्हे.

## शत्रूनं जॅम केलं तर?

थोडक्यात: जॅमर रेडिओ, रडार, जीपीएस यांना आंधळं करतो. दांडा ते पातं ही तार विमानाच्या पोटातच सुरू होते आणि पोटातच संपते. तिला बाहेर ऐकू येणारं काही नसतं. वीज पडण्याचा धोका खरा, म्हणून तारांना धातूचं कवच असतं आणि चारही चॅनलच्या तारा शक्यतो वेगवेगळ्या वाटांनी नेतात, एका गोळीनं सगळ्या तुटू नयेत म्हणूनही.

## जिथं राखीवचाही इलाज नाही

ग्रिपेनचं पहिलं चाचणी विमान 2 फेब्रुवारी 1989 ला उतरताना उलटलं. 8 ऑगस्ट 1993 ला दुसरं विमान स्टॉकहोममध्ये हजारो लोकांच्या देखत पडलं. दोन्ही वेळा पायलट एकच, आणि दोन्ही वेळा तो वाचला. यंत्रात बिघाड नव्हता. पायलट दुरुस्ती करायचा, विमान क्षणभर उशिरा प्रतिसाद द्यायचं, तोवर पायलटनं उलटी दुरुस्ती केलेली असायची, आणि झोके वाढतच जायचे. संगणकानं लिहिलेलंच केलं. लिहिणाऱ्यांनी माणसाचा हात किती जोरात आणि किती भरभर हलेल याचा अंदाज कमी धरला होता. इथं चार काय, चाळीस राखीव संगणक असते तरी उपयोग नव्हता. नियम बदलावे लागले, ते बदलले.

## मग तेजसचं काय?

"राफेलला वेगळं चॅनल, आपल्याला का नाही?" असा सूर ऐकू येतो. तेजसला चार डिजिटल चॅनल आहेत, यांत्रिक पर्याय नाही. एफ-16 आणि युरोफायटरही यांत्रिक पर्यायाशिवायच उडतात, त्यामुळं त्यात कमीपणा काही नाही. अशा विमानाची सगळी भिस्त उडण्याआधीच्या तपासणीवर असते. तेजसचे नियंत्रणाचे नियम 1996 मध्ये अमेरिकेत, दुसऱ्या विमानाची नक्कल करू शकणाऱ्या खास एफ-16 वर उडवून पाहिले होते. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेनं निर्बंध घातले, तिथलं काम थांबलं, आपल्या लोकांना परतावं लागलं. उरलेली पडताळणी बंगळुरूत पुरी करून 4 जानेवारी 2001 ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजस पहिल्यांदा उडवलं. तेजसच्या उशिरावर विनोद करणाऱ्यांनी त्या वर्षांचा हिशेब धरायला हरकत नाही.

मार्क-1ए साठी संगणक नवा आहे, तोही देशातच, डीआरडीओच्या बंगळुरूतल्या प्रयोगशाळेनं घडवलेला. 19 फेब्रुवारी 2024 ला तो पहिल्यांदा हवेत गेला, पण नव्या कोऱ्या मार्क-1ए मध्ये बसून नाही. त्यासाठी एलएसपी-7 हे आधीपासून उडत असलेलं, खोडी माहीत असलेलं चाचणी विमान वापरलं. नवा संगणक नव्या विमानात घातला असता आणि काही वावगं दिसलं असतं, तर खोट संगणकात की विमानात, यातच महिने गेले असते.